शाल-श्रीफळाआधी रजिस्टर उघडा

शिक्षक दिन जवळ आला की सत्कारांबद्दल पत्रं येतात. यंदा त्यातली बरीच शाळेतल्या स्पीच थेरपिस्टबद्दल आहेत, याचं मला फार समाधान वाटलं. मी स्पीच थेरपिस्ट म्हणून कोल्हापुरात काम सुरू केलं तेव्हा "शाळेत यांचं काय काम?" असंच विचारायचे.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस स्पीच थेरपिस्ट येतात. ५ सप्टेंबरला त्यांचा सत्कार करायचं मनात आहे. बाकीच्या शिक्षकांचा निकाल दिसतो, यांचं काम कशावरून जोखायचं? (मुख्याध्यापिका, राजारामपुरी)

मॅडम, "किती मुलं बरी केली?" हा प्रश्न तेवढा विचारू नका. एखाद्याचा 'र' सहा महिन्यांत बसतो. जन्मापासून कमी ऐकू येणारं मूल दोन वर्षांनी तीन शब्दांचं वाक्य जोडतं. यातलं दुसरं काम कितीतरी अवघड, पण आकड्यात ते मागेच दिसणार.

त्यापेक्षा त्यांचं रजिस्टर उघडा. मूल पहिल्या दिवशी कसं बोलत होतं, ते लिहिलंय का? ध्येय काय लिहिलंय? नुसतं 'उच्चार सुधारणे' असेल तर त्यातून काही कळत नाही. 'र'ने सुरू होणारे दहा शब्द चित्र बघून, कुणी आठवण करून न देता, असं असेल तर बाई विचार करून काम करतायत. थेरपी सुरू करण्याआधी कानाची तपासणी करून घेतली का, हेही बघा. उच्चाराच्या तक्रारीमागे कधी कधी वाहता कान निघतो. चांगला थेरपिस्ट आधी मुलाला सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात नाहीतर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) पाठवतो, मगच आरसा हातात घेतो.

मग वर्गात जा, कारण खरी परीक्षा तिथे असते. एका शाळेत तिसरीतला मुलगा रंकाळ्याला 'लंकाला' म्हणायचा. थेरपीच्या खोलीत, आरशासमोर 'र' छान यायचा. वर्गात पाऊल टाकलं की पुन्हा 'ल'. तिथल्या थेरपिस्टनी हजेरीची वेळ धरली. मुलगा रोज 'हजल' म्हणायचा. वर्गशिक्षिकेशी त्यांनी ठरवलं, की त्याला सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं नाही, फक्त त्याचं नाव पुकारल्यावर क्षणभर थांबायचं. तेवढ्या वेळात तो जीभ टाळूला नेऊन तयार करायचा. पाचव्या की सहाव्या आठवड्यात स्वच्छ 'हजर' आलं. शिक्षिकेनं वर मान केली नाही, पुढचं नाव घेतलं. ती मान वर न करणं त्या थेरपिस्टनीच शिकवलेलं होतं. सत्कार कशाचा करायचा म्हणाल, तर वर्गशिक्षिकेला असं सोबत घेण्याचा.

प्रश्न : स्नेहसंमेलनात थेरपी घेतलेल्या मुलांना स्टेजवर बोलवून 'आधी असा, आता असा' दाखवायचं ठरतंय. थेरपिस्टचाही मान होईल. योग्य आहे ना? (संस्थेचे विश्वस्त, शाहूपुरी)

नाही, साहेब. कृपा करून हे करू नका. त्या मुलाला वर्गात 'बोबड्या' म्हणून चिडवलेलं असतं. ते विसरायला त्याला दोन वर्षं लागतात आणि आपण पाच मिनिटांत माइकवर ते पुन्हा उभं करतो. तोतरेपणात तर काही दिवस बोलणं सरळ जातं, काही दिवस अडकतं. नेमकं स्टेजवर अडकलं तर? मूल स्वतःहून नाटकात काम मागत असेल तर जरूर द्या, पण थेरपीचा उल्लेख न करता. थेरपिस्टचा मान करायचा तर त्यांना दार लागणारी, आवाज न येणारी एक खोली द्या. जिन्याखाली बसून 'स' आणि 'श'मधला फरक मुलाला कसा ऐकवायचा?

प्रश्न : तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेले एक सर स्वतःला वाचातज्ज्ञ म्हणवतात. चालतं का? (पालक, कसबा बावडा)

चालत नाही. या विषयाची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची आहे, आणि १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही.

प्रश्न : मी तीन शाळांत जाते. शिक्षक रजेवर असले की मला ऑफ तासाला वर्गावर बसवतात, मुलांचं सेशन बुडतं. तक्रार केली तर करार जाईल अशी भीती वाटते. (एक थेरपिस्ट)

ताई, तुमची तगमग मला ठाऊक आहे, मीही असे तास घेतलेत. तक्रारीऐवजी नोंद ठेवा. कुठलं सेशन, कोणत्या मुलाचं, कशामुळे बुडालं, ते महिनाअखेरीला एका पानावर मुख्याध्यापकांना द्या. मुलाचं नाव समोर आलं की बहुतेक जण विचार करतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व स्वतंत्र धरलंय. हेही त्या पानावर एका ओळीत लिहा. तुमचं काम उरल्यासुरल्या वेळात उरकायचं नाही, हे कागदावर दिसू दे.

प्रश्न : माझा मुलगा तोतरा बोलतो. अजून अडखळतो, पण आता वर्गात हात वर करतो. मॅडमना साडी द्यावी म्हणते. (आई, मंगळवार पेठ)

वहिनी, अडखळत का होईना, हात वर करतो हेच थेरपीचं मोठं यश आहे, हे तुम्ही ओळखलंत. साडी द्या, प्रेमाची भेट आहे. पण सोबत एक पत्र लिहा. मोठमोठे शब्द नकोत. आधी दुकानात काय हवं ते बोट दाखवून सांगायचा, आता स्वतः मागतो, असं घरात घडलेलं लिहा. दोन प्रती काढा. एक मॅडमच्या हातात द्या, दुसरी मुख्याध्यापकांच्या टेबलावर. करार वाढवायची वेळ येते तेव्हा त्या फाइलमध्ये आईचं पत्र असलेलं बरं.