ड्यूटी संपली तरी पाय निघत नाही

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेबर रूममध्ये 11 वर्षं काम करतेस. त्या दिवशी रात्री 8 ची नाईट सकाळी 8 ला संपली, पण एका बाईने हात घट्ट धरून म्हटलं, "सिस्टर, जाऊ नका हं," आणि तू थांबलीस. 9.40 ला बाळ झालं. वार पडली, टाके झाले, तू कागद भरायला बसलीस आणि पंधरा मिनिटांनी पोट चाचपून गर्भाशय घट्ट आवळलंय का ते बघायचं राहून गेलं. दिवसपाळीच्या सिस्टरने सहज हात लावला तर गर्भाशय सैल आणि पॅड भिजलेला. धावपळ झाली, रक्तस्राव थांबला, बाई सुखरूप घरी गेली. तुला मात्र झोप नाही. विचारतेस, "ताई, मी निष्काळजी आहे का? सोडून देऊ का हे काम?"

आधी एक हिशोब करू. आदल्या दिवशी दुपारी 3 ला उठलीस, असं तूच लिहिलंयस. म्हणजे सकाळी 10 ला तू 19 तास जागी होतीस. 17 तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे थोडी दारू प्यायल्यासारखे चालतात, हे 1997 मध्येच एका प्रयोगात मोजलं गेलंय. आणि तुझं काम कसलं? कळा सुरू असताना दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, जोर करायला लागली की दर पाच मिनिटांनी, बाळंतपणानंतर दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पोट, रक्तस्राव. सगळा खेळ घड्याळाचा, आणि दमलेल्या डोक्यातून पहिलं निसटतं ते घड्याळच.

गर्भाशय सैल पडलं ते तुझ्यामुळे नाही. लांबलेल्या कळा, मोठं बाळ, भरलेली लघवीची पिशवी, कशानेही होतं. कळायला उशीर झाला, तो मात्र तुझ्याकडून. खोटा दिलासा देत नाही. जे झालं ते इन्चार्जना वेळेसकट सांग, नोंदीत राहिलं असेल तर आजची तारीख घालून लिही. मागची वेळ टाकून चौकट भरू नकोस, हे तुला सांगायला नको.

पण मला खुपलं ते वेगळंच. "मी कधीच पेशंट अर्धवट सोडून जात नाही," हे तू अभिमानाने लिहिलंयस. ती सवय मला काळजीची वाटते. त्या बाईला हवा होता धीर देणारा हात. तो तुझाच असला पाहिजे, हे कुठून आलं? (मला वाटतं, थोडंसं आपल्यालाच हवं असतं ते.) पुढच्या वेळी साडेसातलाच नव्या सिस्टरला खाटेपाशी ने. बाईसमोर सगळं सांग: गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय, ठोके किती, पाणी कधी गेलं, तिला कशाची भीती वाटते. मग बाईचा हात तिच्या हातात दे आणि म्हण, "आता या आहेत तुमच्याजवळ." आणि नीघ.

रात्री जोडीदारीण असेल तर आलटून पालटून वीस मिनिटं डोळा लावा. नाईट करून स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नकोस.

तुझी लेक तुला म्हणाली, "आई, तू तिकडेच छान बोलतेस." सात वर्षांच्या मुलीने बरोबर ओळखलं. गोड बोलणं वॉर्डात संपवून येतेस तू. घरी आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलायचं नाही, हे तिला सांगून ठेव. मुलं कारण कळलं की पाळतात, रागावलेलं तोंड मात्र स्वतःवर ओढवून घेतात.

नोकरीचा निर्णय नाईटच्या आठवड्यात घ्यायचा नाही. महिनाभराने तो पॅड अजून डोळ्यांसमोर येत असेल, वॉर्डाच्या दारात छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे जा, आणि मला पुन्हा लिही.

पुढची नाईट आहे त्या दिवशी दुपारी झोप. फोन दुसऱ्या खोलीत.