गायरानातली निलगिरी गाठमाशीने वाळली; तिथे पुन्हा झाडं कशी उभी करायची?

तुमचा प्रश्न गायरानाच्या मुरमाड जागेवरच्या जुन्या निलगिरीबद्दल आहे. आधी खात्री करा. पानाच्या मधल्या शिरेवर, देठावर, कोवळ्या फांदीवर गाठी आणि गाठींना बारीक गोल भोकं दिसली, तर ती गाठमाशी. ही मूळची ऑस्ट्रेलियाची. रोपं आणि कोवळी झाडं ती मारते. मोठं झाड मात्र सहसा नुसत्या गाठींनी मरत नाही, सोबत पाण्याचा ताणही असतो. फवारणीवर पैसे घालू नका, अळी गाठीच्या आत असते. निलगिरी सोडून दुसऱ्या झाडाला ही माशी लागत नाही, म्हणून नव्या लागवडीला तिची भीती नाही.

जमीन सरकारी, म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि तहसीलची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

तोडीच्या आधीचं काम बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. निलगिरीखाली आपसूक आलेले पळस, बोर, हिवर, कडुनिंब शोधा आणि चुन्याने खूण करा. शेळ्यांनी खुरटवलेलं वीतभर झुडूप असलं तरी खाली मूळ जुनं असतं. माझ्या मते असं एक झुडूप नर्सरीच्या पाच रोपांना भारी. त्याचा एकच जोमदार फुटवा ठेवा, बाकीचे छाटा.

निलगिरी जमिनीलगत कापा, खोडक्याची साल मातीपर्यंत सोला आणि येणारे फुटवे मोडत राहा. माशी अंडी घालते ती कोवळ्या फुटीतच. जेसीबीने खोडकी उपटू नका, उतारावर आधीच थोडी असलेली माती पहिल्याच वळवाने वाहून जाते.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, ४५ × ४५ × ४५ सेंमी, ४ × ४ मीटरवर. एकरी २५० बसतात, त्यातून खुणेची झाडं वजा करा. खड्ड्यात ४-५ किलो शेणखत घाला, पण पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणाने वाळवी आणि हुमणी येते. लागवड पेरणीयोग्य ओल झाल्यावरच.

उघड्या मुरमावर अंजन, खैर, धावडा, सीताफळ. थोडी माती असेल तिथे बेल, आपटा, चिंच. नाल्याकाठी करंज, अर्जुन, उंबर. कोणतीही एक जात शेकडा १५ च्या वर नको, कडुनिंबसुद्धा. अंजनाचं सोटमूळ पिशवीत वेटोळं होतं, त्याचं बी जागेवरच टोका. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करा, पोटातून आलेलं लवकर उगवतं.

झाडं मरतात ती मुख्यतः चराईने आणि पहिल्या उन्हाळ्यात. निदान तीन वर्षं चराईबंदी, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवा, नाहीतर बंदी टिकत नाही. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत दर १०-१५ दिवसांनी रोपामागे १०-१५ लिटर पाणी. गवत दिवाळीनंतर लगेच कापा आणि हद्दीने ३ मीटरचा जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढा.