शाळेचं वेळापत्रक तुम्हाला कुणी लावलं?

सॅन होजेहून एक भगिनी लिहितात: “आम्ही दोघं बेचाळिशीतले. मूल नाही, आणि तो विषय आमच्यापुरता संपलाय. लग्नाला पंधरा वर्षं होतील म्हणून हवाईत ओआहू बेटावर डिस्नीच्या आउलानी रिसॉर्टला जायचं मनात आहे. मैत्रिणी म्हणतात, तिथं सगळी चिल्लीपिल्ली, तुम्ही दोघं काय करणार? ह्यांना वाटतं, मुलं बघून मला त्रास होईल. जेवणाचीही पंचाईत, आम्ही शाकाहारी. नाताळच्या आठवड्यातलं बुकिंग बघतोय. मंडळातली तीन कुटुंबंही तेव्हाच जाणार आहेत, सोबत होईल. सासूबाईंना काय सांगावं?”

बाकीचं नंतर बघू. नाताळचा आठवडा? अहो, कशासाठी?

अमेरिकेत आल्यापासून आपलं सगळं शाळेच्या कॅलेंडरवर चालतं. भारतवारी भर पावसाळ्यात, तिकिटं सगळ्यात महाग असतात तेव्हाच, कारण पोरांना सुट्टी. ज्यांना मुलं आहेत त्यांना इलाज नाही. आमची लहान होती तेव्हा आम्हीही नाताळातच किनारा गाठायचो. आमचे हे पहाटे अंधारात टॉवेल घेऊन आरामखुर्च्या अडवायला जायचे, तर तिथं आधीच इतर बाप हजर! तुमच्यामागे कुणाची शाळा आहे? मंडळात जी मोकळीक कुणालाच नाही ती तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही ती सोबतीसाठी देऊन टाकताय.

सोबत कुणाची कुणाला, तेही ऐका. ‘काकू, पाच मिनिटं बघ ना गं’ म्हणून ती मंडळी स्पाला जातील आणि तुम्ही ओली पोरं पुसत बसाल. माझे धाकटे दीर-जाऊ, त्यांनाही मूल नाही, अशा प्रत्येक सहलीत हेच करायचे. आता ते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे उलटला की निघतात. तेव्हा अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, हवाईतल्या तर ऑगस्टमध्येच. पाणी कोमट, दरही उतरलेले. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग आणि नाताळ यांच्यामधले दिवसही चांगले, फक्त डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी होनोलुलूची मॅरेथॉन असते. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा मात्र टाळा: जपानचा गोल्डन वीक, म्हणजे तिथल्या सुट्ट्यांचा आठवडा, आणि जपान्यांना हवाई फार प्रिय. पावसाची धास्ती नको. आउलानी जिथं आहे तो को ओलिना भाग ओआहूच्या पश्चिमेला, डोंगराच्या आडोशाला आहे; आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो आणि माण-खटाव कोरडं, त्यातलाच प्रकार.

आता ‘काय करणार’. 2011 साली उघडलेल्या या रिसॉर्टमध्ये मोठ्यांपुरते गरम पाण्याचे कुंड आहेत, लानिवाई स्पा आहे, ओलेलो रूम नावाचा बार आहे. बारमधली मंडळी हवाईयन भाषा बोलतात आणि आजूबाजूच्या वस्तूंवर त्यांची हवाईयन नावं असतात. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा क्लब आहे, त्यामुळे बरीच पोरं तिकडंच रमलेली असतात. समोरचं लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याचं तळं, माणसांनी बांधलेलं, दगडी बांधामुळे लाटा अडतात. म्हणजे आपल्यातल्या पोहता न येणाऱ्यांनीही गळ्याइतक्या पाण्यात खुशाल उभं राहावं. सनस्क्रीन मात्र बघून घ्या: ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली हवाईत 2021 पासून विकता येत नाहीत, प्रवाळाला अपाय होतो म्हणून.

यजमानांची काळजी खरी आहे, पण माझी जाऊ एकदा म्हणाली ते सांगते: “ताई, अनोळखी पोरं पाण्यात दंगा करतात त्याचं काही वाटत नाही. बारशाला ओटी भरताना चार बायका माझ्याकडे बघतात, ते लागतं.” तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. त्यांनी मनाशी अंदाज बांधण्यापेक्षा तुम्हाला सरळ विचारावं.

जेवणाचं काय, सांगून ठेवलं की सोय होते. बॅगेत मेतकूट आणि चिवडा असू द्या. ताजी फळं मात्र नेऊ नका, हवाईत शेतीमालाचे नियम कडक आहेत.

सासूबाईंना लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून फिरायला जातोय, एवढंच सांगा. हॉटेलचं भाडं विचारलं तर विषय बदला. तारीख बदललीत की मला कळवा. मैत्रिणींना इतक्यात कळवू नका.