घर-दुरुस्ती प्रश्नोत्तरे : गॅसची फायरप्लेस बसवताना

ग्वाल्हेरची थंडी उतरली की घर उबदार करण्याबद्दलची पत्रं वाढतात. या वेळचे सगळे प्रश्न गॅसवर चालणाऱ्या फायरप्लेसचे आणि हीटरचे आहेत. बहुतेकांनी ज्योत कशी दिसेल, किती उंच येईल हे विचारलं आहे. आम्ही मात्र प्रत्येक उत्तरात आधी हवा कुठून येणार आणि धूर कुठून जाणार हेच पाहिलं आहे, कारण घरातल्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

प्रश्न : आमच्या जुन्या बंगल्यात दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आहे. धुराडं छपरावर निघतं, पण कित्येक वर्षं पेटवलेलं नाही. खोली १४ बाय १६ फूट, उंची १२ फूट. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आलेला आहे. त्याच जागी गॅसचा संच बसेल का? कामाचा क्रम काय ठेवावा? (मोरार, ग्वाल्हेर)

बसेल, आणि तुमच्यासारख्या घरात तो सगळ्यात चांगला बसतो. मागवताना ‘डायरेक्ट व्हेंट इन्सर्ट’ असं स्पष्ट लिहून द्या. यात पुढची काच पक्की बंद असते. जळायला लागणारी हवा एका नळीने बाहेरून येते आणि जळालेला वायू दुसरीने बाहेर जातो, खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. जुन्या धुराड्यासाठी सहसा ३ इंची दोन लवचीक ॲल्युमिनियम नळ्या येतात. संचाबरोबर आलेलीच नळी आणि छपरावरचं टोपण वापरा. बाजारातली दुसरी नळी जोडली की पुस्तिकेतली मापं लागू होत नाहीत.

किती मोठा घ्यावा? तुमच्या खोलीला ४ ते ५ किलोवॅट उष्णता पुरे होते. संचावर दोन आकडे असतात, गॅसचा आणि खोलीला मिळणाऱ्या उष्णतेचा. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर गॅसचा आकडा ६ ते ७ किलोवॅट येतो. दुकानदार याच्या दुपटीचा दाखवतील. तो घेतला तर अर्ध्या तासात खोली भट्टी होते आणि मग संच सारखा बंद-चालू करत बसावं लागतं.

आता गॅसचं गणित. एक घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण १० किलोवॅट-तास मिळतात, म्हणून हा संच तासाला ०.६ ते ०.७ घनमीटर घेईल. ‘जी १.६’ (G1.6) या मापाचा घरगुती गॅसमीटर तासाला जास्तीत जास्त २.५ घनमीटर देतो. तीन बर्नरची शेगडी पूर्ण चालू असली की सुमारे ०.६ आणि ६ लिटरचा गॅस गीझर १.१ घेतो. बेरीज २.४ च्या आसपास जाते, म्हणजे मीटर काठावर येतो. घरात गीझर असेल तर गॅस कंपनीकडे जोडणीसाठी द्यायच्या अर्जात ते लिहा. अर्ध्या इंची नळीतून ५० फुटांवर तासाला दोनेक घनमीटर गॅस येतो आणि तेवढ्यात दाब सव्वा मिलिबारने उतरतो. एकाच नळीवर तिन्ही उपकरणं असतील तर मुख्य भाग पाऊण इंची टाकून घ्या. ग्वाल्हेरात पाइपचा गॅस अवंतिका गॅस पुरवते. मीटरपुढची नवी फाटाजोडणी कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या, ओळखीच्या प्लंबरकडून नको.

कामाची सुरुवात धुराड्यापासून करा. आधी ते झाडून घ्या. इतकी वर्षं बंद असलेल्या धुराड्यात कबुतरांची घरटी, विटांचा चुरा आणि जुनी काजळी हमखास निघते. वरून दिवा सोडून सांधे पाहा, चुना निघाला असेल तर भरून घ्या. आतली लोखंडी झडप असेल तर ती काढा, निदान कायमची उघडी बांधून टाका. मग छपरावरून दोन्ही नळ्या सोडा. हवेची आणि धुराची नळी उलटसुलट जोडली गेली तर ज्योत गुदमरते, म्हणून वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना सोडण्याआधीच रंगाची खूण करा. वरचं टोपण बसवताना सांधा पावसाच्या दृष्टीने बंद करा. श्रावणात गळालेलं पाणी बर्नरवर गंज आणतं आणि ते थेट पुढच्या डिसेंबरात कळतं.

गॅसची नळी फायरप्लेसच्या बाजूने आत घ्या आणि हात सहज पोचेल अशा जागी बॉल व्हॉल्व्ह ठेवा. शेवटच्या दोन फुटांना धातूची लवचीक नळी लावा, शेगडीची रबरी नळी इथे चालत नाही. नळीची दाब-चाचणी करताना संचाचा गॅस व्हॉल्व्ह सोडवून ठेवायला सांगा. दर चौरस इंचाला अर्ध्या पौंडाच्या, म्हणजे ३५ मिलिबारच्या वर दाब गेला की तो आतून बिघडतो आणि नवा संच पहिल्याच दिवशी निकामी होतो. ही चूक घाईत फार होते, म्हणून त्या वेळी स्वतः उभे राहा. व्हॉल्व्ह परत जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. मग घरातले सगळे बर्नर बंद करून मीटरचा शेवटचा आकडा १५ मिनिटं पाहा. तो हलता कामा नये.

पहिल्यांदा पेटवताना नळीत हवा असते, पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) लवकर धरत नाही, थोडा धीर धरा. पहिले तीन-चार तास रंग भाजल्याचा वास येतो आणि काचेवर पांढरट थर बसतो. खिडक्या उघड्या ठेवा. काच पूर्ण गार झाली की पुसा, पण अमोनियाच्या द्रावणाने नाही. काच तापलेली असताना तिला हात लागला तर क्षणात भाजतं. अमेरिकेत २०१५ पासून अशा काचेपुढे जाळी सक्तीची आहे. घरात रांगतं मूल असेल तर जाळीशिवाय संच घेऊच नका.

प्रश्न : आमच्याकडे पाइपचा गॅस नाही. सिलिंडरवर फायरप्लेस चालेल का? एक सिलिंडर किती दिवस पुरेल? (लष्कर, ग्वाल्हेर)

तांत्रिकदृष्ट्या चालते, पण संच एलपीजीचा हवा. पाइपच्या गॅसचा संच तसाच सिलिंडरला जोडू नये. एलपीजीच्या तेवढ्याच आकारमानात सुमारे अडीचपट उष्णता असते आणि दाबही जास्त असतो. आपल्याकडे पाइपचा गॅस २१ मिलिबारने येतो, सिलिंडरचा रेग्युलेटर ३० मिलिबार देतो. नैसर्गिक वायूच्या मोठ्या जेटमधून (गॅस सोडणाऱ्या भोकातून) एलपीजी सोडला की ज्योत भडकते, काचेवर काजळी चढते. बदलायचंच असेल तर उत्पादकाचा पूर्ण जोड घ्या : बर्नरचा जेट, पायलटचा जेट आणि व्हॉल्व्हवरचा दाब-नियामक. बदलानंतर बर्नरला हवा देणारी झडपही नव्याने जुळवावी लागते.

६ किलोवॅटचा संच तासाला ४६० ग्रॅमच्या आसपास गॅस घेतो. १४.२ किलोचा सिलिंडर ३० तास जाईल. रोज चार तास लावलात तर आठवडाभरात संपेल. शिवाय थंडीच्या रात्री सलग गॅस ओढला की सिलिंडर स्वतःच गारठतो, बाहेरून दव किंवा बर्फ धरतो आणि आतला दाब उतरतो. सिलिंडर अर्ध्याच्या खाली आला की ज्योत मंदावते ती यामुळे. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्याच्या टपात ठेवायचा किंवा त्याला शेक द्यायचा प्रकार काही घरांत होतो. तो जिवावर बेतू शकतो, कधीही करू नका. घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी मिळतो, या वापरासाठी कोणता घ्यायचा ते एजन्सीकडून लेखी घ्या.

जुन्या वाड्यात राहत असाल तर आणखी एक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. तळघरात, जिन्याखालच्या कोनाड्यात किंवा आतल्या चौकातल्या खोलगट जागी सिलिंडर ठेवू नका. उभा, उघड्यावर, ओट्यावर ठेवा.

प्रश्न : १० बाय १२ च्या बेडरूममध्ये चाकांचा गॅस हीटर लावतो. नळी बाहेर काढावी लागत नाही म्हणून घेतला. सकाळी डोकं जड असतं आणि खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतं. हीटर बिघडला आहे का? (सिटी सेंटर, ग्वाल्हेर)

तो आजपासून झोपायच्या खोलीत लावू नका. हीटर ठणठणीत असला तरी हेच होईल. असा ४ किलोवॅटचा हीटर तासाला सुमारे ३०० ग्रॅम एलपीजी जाळतो, त्यातून अर्धा लिटर पाण्याची वाफ निघते. खिडकीवर ओघळतं ते हेच पाणी. पुढे भिंतीवर बुरशीही तिथेच येईल. त्याहून वाईट म्हणजे दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या तुमच्या खोलीत तासाभरात ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १९ च्या खाली येतो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चांगल्या हीटरमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास गॅस बंद करणारा पायलट असतो, पण त्याच्या भरवशावर झोपणं योग्य नाही. कोळशाच्या सिगडीलाही हेच लागू आहे, किंबहुना जास्तच.

बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर डोकं उतरतं का, घरातल्या दोघांनाही तसंच होतं का, हे पाहा. तसं असेल तर डॉक्टरांना ‘गॅस हीटर’ हे शब्द आधी सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवतो, फसू नका. रक्ताची वेगळी तपासणी लागते. बेडरूमसाठी तेलाचा विजेवरचा रेडिएटर घ्या.

प्रश्न : पायलटची ज्योत पेटते, पण बटण सोडताच विझते. शिवाय काच काळी पडू लागली आहे. (थाटीपूर, ग्वाल्हेर)

बटण पूर्ण दाबून ३० सेकंद धरा. तरीही विझली तर थर्मोकपल पाहा, म्हणजे पायलटशेजारची बोटभर धातूची कांडी. तिच्या टोकाला ज्योतीने वेढलेलं असायला हवं. टोकावर काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. व्हॉल्व्हकडचा तिचा नट सैल झालेला असतो, हाताने घट्ट झाला की पान्याने किंचितच फिरवा. ज्योत पिवळी आणि लुळी असेल तर पायलटच्या हवेच्या भोकात कोळ्याचं जाळं आहे. उन्हाळाभर बंद राहिलेल्या संचात हे नेहमीचं आहे.

काच काळी पडते ती बहुतेक वेळा झाडपुशीनंतर. बर्नरवरचे चिनीमातीचे शोभेचे ओंडके उचलले जातात आणि परत अंदाजाने ठेवले जातात. ज्योत थेट ओंडक्यावर आपटली की गॅस पूर्ण जळत नाही. पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे खुणेच्या खिळ्यांवर त्यांना बसवा. तरी काजळी आली तर मेकॅनिककडून हवेची झडप थोडी उघडून घ्या, आणि छपरावरचं टोपण पक्ष्याने बुजवलं नाही ना ते पाहा.

प्रश्न : अलार्म कुठे लावायचा? आणि फायरप्लेसवर टीव्ही चालेल का? (इंदूर)

एलपीजीचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर, पाइपच्या गॅसचा छताखाली फूटभर, कारण तो हवेपेक्षा हलका असतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्या आणि झोपताना नाक ज्या उंचीवर असतं तिथे लावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक फायरप्लेसजवळ नको, बाहेरच्या दाराशी चिकटवा. फोनही घराबाहेर जाऊनच करा.

टीव्हीसाठी आधी संच दोन तास चालवा आणि जिथे टीव्ही यायचा तिथे भिंतीवर साधा थर्मामीटर चिकटवून ठेवा. ४० अंशांच्या वर गेला तर जागा बदला.