पुण्यात घरच्या घरी समुद्रघोड्यांसाठी कमी प्रकाशाचा, मंद प्रवाहाचा टँक करतोय. त्यात कोणते कोरल टिकतील?

तुम्ही कोरलचं विचारलंय, पण आधी घोड्यांचं बोलतो, कारण तिथेच गाडी अडणार आहे. २००१ साली सगळे समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला, आणि त्यांचं संरक्षण आजही कायम आहे. दुकानदार ‘सर, ब्रीडिंगचे आहेत’ म्हणेल. म्हणू दे. घेऊ नका.

मी पाळले ते जर्मनीत नोकरीला असताना. टँकमध्येच जन्मलेली रेडाय जातीची जोडी होती, कागदपत्रांसकट. परतताना ती तिथल्या मित्राकडे ठेवून आलो. आता कोथरूडला टँक आहे, त्यात कोरल आहेत, घोडे नाहीत.

तुमच्या प्रश्नात प्रकाश पहिला आहे. मी शेपटीपासून सुरुवात करतो. समुद्रघोडा पोहण्यात कच्चा, त्यामुळे दिवसभर कशाला तरी शेपटीचा विळखा घालून बसतो. कोरल ही त्याची बसायची जागा. ती डंख मारणारी असेल तर सोलवटलेल्या कातडीत जंतू शिरतात, आणि पाणी गरम असेल तर ते झपाट्याने वाढतात. म्हणून पाणी २२ ते २४ अंशांवर ठेवायचं. मी एकदा टॉर्च कोरल दुसऱ्या कोपऱ्यात लावला होता, वीतभर अंतर आहे, काय होतंय, असं म्हणत. टॉर्च, हॅमर, गॅलेक्सिया ही मंडळी रात्री लांब तंतू सोडतात हे तेव्हा गांभीर्याने घेतलं नव्हतं. सकाळी मादीच्या शेपटीवर पांढरा चट्टा. ती वाचली, पण महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवून औषधपाणी करावं लागलं. समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, तर अशा टँकमध्ये नकोच.

घोड्यांना अंधार लागतो, हा गैरसमज आहे. थोडा आडोसा असला की ते चांगल्या उजेडातही मजेत राहतात. प्रवाहाचंही तसंच. मंद म्हणजे साचलेला नव्हे. या प्राण्याला जठरच नसतं, त्यामुळे थोडं थोडं पण सारखं खायला घालावं लागतं, आणि उरलेलं खाणं दगडांच्या सांदीत कुजतं. पाणी सगळीकडून हलकं फिरलं पाहिजे, फक्त एका जागी जोराचा झोत नको. पंपाच्या तोंडाला स्पंज लावायचा, नाहीतर शेपूट आत ओढली जाते.

अशा खरकट्या पाण्यात आणि मिणमिणत्या उजेडात सगळ्यात निवांत राहतो तो मशरूम कोरल, त्यातही डिस्कोसोमा जातीचा. तळाशी एका दगडावर लावा आणि विसरून जा. फक्त ‘एलिफंट इअर’ नावाचा मोठा मशरूम टाळा, तो आख्खा मासा मिटवून घेतो. केनिया ट्री मऊ असतो, शेपटीला छान, पण फांद्या गळून गाजरगवतासारखा पसरतो. झेनियाचंही तेच, म्हणून त्याला सुटा दगड द्या. झोआंथस थोडे वर, उजेडाजवळ. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा, आणि त्यांचा दगड कधीही उकळू नका. लेदर कोरल चालेल, पण तो शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं सोडतो, फिल्टरमध्ये कार्बन हवा.

विळख्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे समुद्रपंखा, पंख्यासारख्या फांद्यांचा कोरल. तोही त्याच अनुसूचीत आहे, आणि सगळे दगडी प्रवाळही. म्हणजे टॉर्च, हॅमर तर गेलेच, बिनउजेडाचा सन कोरलही गेला. गंमत बघा, कायद्याच्या यादीत जे नाही त्यातून तुमच्या मंद टँकला साजेसे मऊ कोरलच उरले. तेही बिल घेऊनच आणा. आणि मालवणच्या खडकावरून ‘एक तुकडा’ आणायचा मोह तर अजिबात नको, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

बाकी पुण्याचे प्रश्न पुण्यासारखे. एप्रिलमध्ये पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरशिवाय घोडेच काय, कोरलही हाल खातात. गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद असतं, म्हणून आरओचं पाणी बुधवारीच ड्रममध्ये भरून ठेवतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप.

घोड्यांच्या जागी मी क्लाउनफिशची जोडी ठेवली आहे. सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, त्यांची पैदास आपल्याकडे केव्हाच जमवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही. माझ्याकडची मादी रोज संध्याकाळी लेदर कोरलमध्ये अंग घुसळत बसते. टँकची उंची आणि लाइट किती वॅटचा आहे ते कमेंटमध्ये लिहा, मग कोणता दगड कुठे लावायचा ते सांगतो.