‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर कसे वाचावे?

प्रश्न : केळीच्या फळपीक विम्याची भरपाई रखडली म्हणून आमच्या आमदारांनी विधानसभेत तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) प्रश्न दिला होता. तो सभागृहात पुकारलाच गेला नाही. छापील उत्तरात आरंभी ‘अंशतः खरे आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच हाती आले. अशा लेखी उत्तराचा शेतकऱ्याला काय उपयोग?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : आपला वैताग रास्त आहे, मात्र दोष उत्तर देणाऱ्या खात्याइतकाच प्रश्नाच्या घडणीतही असू शकतो. आपल्या विधिमंडळातील प्रश्न बहुधा एका ठरावीक साच्यात येतो : अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय. पहिल्याच भागाला ‘हे खरे नाही’ म्हटले की मधले भाग गळून पडतात, आणि विलंबाची कारणे विचारली असतील तेथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य निर्धास्तपणे येऊन बसते.

म्हणून प्रश्न असा हवा, की आकडा किंवा तारीख दिल्यावाचून खात्याला सुटका नसावी. तालुक्यात महसूल मंडळनिहाय किती शेतकऱ्यांनी हप्ता भरला, कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगवान वारा यांपैकी कोणत्या निकषावर किती जण पात्र ठरले, रक्कम कोणत्या तारखेला बँक खात्यांवर जमा झाली? ही योजना हवामानावर आधारित असल्यामुळे भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. त्या नोंदीच मागितल्या नाहीत, तर घड डोळ्यांदेखत मोडून पडले तरी कागदावर वारा वाहिलेलाच नसतो.

तारांकित प्रश्न पुकारला गेला तर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला मात्र लेखी उत्तरच मिळते. तरीही लेखी उत्तर मंत्र्याच्या नावावर अभिलेखात राहते, हे विसरू नये. ते अपुरे असल्यास अर्धा तास चर्चेची सूचना देता येते, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे दिसल्यास हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाचा विशेषाधिकार मोडल्याच्या तक्रारीचा, मार्ग असतो. विम्याच्याच पैशाचे एक जुने उदाहरण येथे आठवते : आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीविषयी १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न विचारले गेले, खासदार फिरोज गांधी यांनी विषय लावून धरला, छागला आयोगाने चौकशी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. असे क्वचितच घडते, हेही खरे.

या योजनेत केंद्राचाही पैसा असल्याने आपल्या खासदारांनाही प्रश्न देता येईल. लोकसभेत किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि एका दिवसाच्या यादीत २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे, ती सभागृहासमोर ठेवली जाईल’ असे उत्तर आले, तर ती टोलवाटोलवी समजून कागद फेकून देऊ नका. तेथे असे वाक्य आश्वासन मानले जाते, त्याची पूर्तता तीन महिन्यांत करायची असते आणि ती झाली की नाही हे शासकीय आश्वासन समिती पाहते. विधिमंडळातही अशी समिती आहे. तेव्हा आमदारांकडून त्या छापील उत्तराची प्रत मागून घ्या आणि ‘अंशतः खरे आहे’च्या पुढे नेमके काय लिहिले आहे ते आधी वाचा, कारण पुढचा प्रश्न तेथूनच घडवता येईल.