पेपरचा मालक शोधायचा कसा?

प्रश्न : आमच्याकडे येणारा पेपर आणि घरी लागणारी बातम्यांची वाहिनी एकाच मालकाची आहे, असं ऐकतो. हे तपासायचं कसं? आणि कायद्याला ते चालतं का?

उत्तर : चालतं. पेपर आणि वाहिनी एकाच हाती एकवटू नयेत म्हणून ट्रायने (दूरसंचार व प्रसारणाची नियामक संस्था) २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये शिफारशी केल्या. कायदा काही झाला नाही.

आता तपासणी. पेपरच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या टाइपात ‘हे पत्र मालक अमुक लिमिटेडसाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी...’ अशी ओळ असते. मुद्रक-प्रकाशक बहुतेकदा पगारी माणूस असतो, त्याच्या नावावर जाऊ नका. कंपनीचं नाव टिपा. वाहिनीची कंपनी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानगीप्राप्त वाहिन्यांच्या यादीत सापडते.

कंपनी शेअर बाजारात असेल, तर बीएसईच्या संकेतस्थळावर दर तिमाहीचा ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ फुकट मिळतो. नसेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून दोन कागद काढा : एमजीटी-७ (भागधारक) आणि एओसी-४ (ताळेबंद). भागधारक म्हणून दुसरीच कंपनी निघाली, की तिचेही हेच कागद काढायचे. तीन-चार पायऱ्या उतरल्यावर माणसं दिसू लागतात.

बहुतेक जण भागधारकांची यादी पाहून थांबतात, आणि फसतात तिथेच. ताळेबंदातल्या कर्जाच्या टिपा वाचाच. एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर ‘आरआरपीआर होल्डिंग’ या कंपनीकडे होते; ती एनडीटीव्हीचे संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय यांची. तिने २००९-१० मध्ये ‘व्हीसीपीएल’ नावाच्या कंपनीकडून ४०३.८५ कोटींचं कर्ज घेतलं. बदल्यात दिले वॉरंट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे हक्क. यादीत बरीच वर्षं रॉय दांपत्यच दिसत राहिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने व्हीसीपीएलच विकत घेतली, वॉरंट वापरले आणि नोव्हेंबरअखेर आरआरपीआर ताब्यात घेतली. एनडीटीव्हीतल्या वाट्याची २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जात असल्याने, शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमाप्रमाणे इतर भागधारकांकडून आणखी २६ टक्के घेण्याचा खुला प्रस्ताव आला, शेअरला २९४ रुपयांचा. त्यात मिळाले आठेक टक्केच. डिसेंबरअखेर रॉय दांपत्याने २७.२६ टक्के विकले आणि समूहाचा वाटा ६४ टक्क्यांच्या वर गेला.

म्हणून ताळेबंदात ‘कन्व्हर्टिबल’ किंवा ‘वॉरंट’ दिसलं, की कर्ज देणारी कंपनी कोणाची, हेही त्याच पोर्टलवर शोधा. आणखी शंभर रुपये जातील, एवढंच.